घाटाखालच्या बातम्या

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला कर्जत आणि खालापूर ही दोन्ही नावे पाठ असतात, पण गावे म्हणून नव्हेत. कर्जत म्हणजे घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जादा इंजिने जोडण्यासाठी घेतलेला थांबा, आणि त्या थांब्यात खिडकीतून घेतलेला गरम बटाटेवडा. खालापूर म्हणजे द्रुतगती महामार्गावरचा टोलनाका. वर्तमानपत्रांतही ही नावे वरचेवर छापून येतात. टोलनाक्यावर वाहनांच्या रांगा लागल्या, कर्जत-लोणावळा दरम्यान दरड कोसळून गाड्या अडकल्या. बातमी खालापूरची असते, परंतु तिच्यात खालापूरचा माणूस नसतो. खोळंबलेला प्रवासी मुंबईचा अथवा पुण्याचा असतो आणि बातमी त्याच्यासाठी असते.

रायगड जिल्ह्याच्या या दोन अंतर्भागातील तालुक्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण नेमकी हीच आहे. मोठ्या दप्तरांत या भागाविषयी पुष्कळ लिहिलेले आहे, पण ते प्रायः इथून काय गेले याविषयी आहे. प्रथम रस्ता गेला, मग रेल्वे गेली, मग वीज गेली, आणि आता पाणी जाते. इथे जे राहिले, म्हणजे इथली माणसे, त्यांचे नित्याचे जीवन, त्यांची लग्ने, त्यांची आजारपणे, त्यांचे बाजारहाट, त्यांची नोंद कोठे आहे? या लेखात त्याच नोंदीचा माग काढण्याचा विचार आहे.

प्रथम थोडे भूगोलाविषयी. सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत हा मुलूख पसरलेला आहे. कर्जत तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. म्हणूनच जेम्स कॅम्बेल यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्याझेटियरमध्ये त्याची माहिती शोधायची तर ठाण्याचे खंड उघडावे लागतात. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला. खालापूर बराच काळ कर्जतचा पेटा होता. १९८१ च्या जानेवारीत कुलाब्याचे नाव रायगड झाले. किनाऱ्यावरच्या लोकांना हा भाग 'घाटाकडचा' वाटतो, घाटावरच्या लोकांना हा 'कोकणातला' वाटतो. वस्ती कुणबी, आगरी, मराठा, धनगर, ठाकर आणि कातकरी यांची. भात हेच मुख्य पीक. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले 'कर्जत-१८४' आणि 'कर्जत-३' हे वाण कोकणभर पेरले जातात. बियाण्याच्या पिशवीवर का होईना, कर्जतचे नाव इथे सन्मानाने घेतले जाते.

छापील अक्षर येण्यापूर्वीही या खोऱ्यात बातमी होतीच. ती दवंडीने यायची. गावाचा वतनदार सेवक संध्याकाळी हलगी वाजवीत आळीआळीतून फिरे. शेतसारा भरण्याची मुदत, हरवलेले जनावर, पटकीची साथ, देवीच्या जत्रेचा दिवस, सारे त्याच्या तोंडून कळे. दुसरे साधन आठवड्याचा बाजार. डोंगरावरच्या वाडीतील ठाकर लाकूडफाटा, मध, रानभाज्या घेऊन खाली उतरे, मीठ-मिरची आणि सुके मासे घेऊन परत चढे, आणि जाताना चार गावांची खबर नेई. कोणाच्या मुलीचे कोठे ठरले, कोणाचा बैल मेला, कोणत्या सावकाराने कोणाची जमीन घेतली. आणि तिसरे साधन, ज्याचा अभ्यास कोणी फारसा केलेला दिसत नाही, ते म्हणजे पाणवठा. त्याविषयी आमच्या आयाबहिणीच अधिकाराने लिहू शकतील. असो.

बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला आणि खोपोली हे घाटपायथ्याचे ठाणे म्हणून गजबजले. तेथील महादेवाचे देऊळ आणि तळे नाना फडणविसांनी बांधविलेले, म्हणजे वाटसरूंचा राबता त्याही आधीचा. परंतु खरी उलथापालथ रेल्वेने केली. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, आणि तीनच वर्षांनी, १८५६ च्या मे महिन्यात, लोहमार्ग कर्जतवरून खोपोलीपर्यंत आला. साहेबांच्या कागदोपत्री त्याचे नाव 'कॅम्पूली'. गाडीने खोपोलीस उतरावे, पालखीने किंवा बैलगाडीने घाट चढावा आणि १८५८ पासून खंडाळ्यास पुन्हा पुण्याची गाडी धरावी, असा प्रवास पाच वर्षे चालला.

मधला घाट मात्र माणसे खाऊन बसला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. त्यांनी १८५६ मध्ये काम धरले. मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ च्या प्रारंभी घाटात मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले व भारतात पाऊल ठेवल्यापासून काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या विधवा पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना हाताशी धरून त्यांनी ते शेवटास नेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांस एक फूट असा चढ, एकूण उंची १,८३१ फूट. हे सर्व आकडे काळजीपूर्वक नोंदलेले आहेत.

१८६१ च्या जानेवारीत या घाटात सुमारे ४२,००० माणसे कामावर होती, हाही आकडा नोंदलेला आहे. त्यांची नावे नाहीत. १८५९-६० च्या सुमारास पटकीने घाटात थैमान घातले. पाणी घाण, झोपड्या गवताच्या, पावसाळा सह्याद्रीचा. आठ वर्षांत किती गेले याचे अंदाज अभ्यासक हजारांनी मोजतात, पण नक्की संख्या कोणीच देऊ शकत नाही, कारण मोजणाऱ्याने बोगद्यांची लांबी मोजली, माणसे हजेरीपटापुरती मोजली. हजेरीपटावरून नाव गेले की माणूस मेला, पळाला की गावी गेला, याची चौकशी कोणी करीत नसे. १८६७ च्या जुलैत घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. ती मात्र तत्काळ मुंबई आणि लंडन येथे बातमी झाली, कारण पुलाला नाव होते.

आपल्या समाजाचा रायगडातील इतिहास सांगताना आपण नेहमी किनाऱ्याकडे पाहतो. चौल, कोर्लई, उरण. पोर्तुगीजांचे किल्ले आणि पडकी ख्रिस्तमंदिरे तिथे आहेत, कोर्लईत त्यांच्या भाषेचा अवशेषही आहे. घाटाखालच्या या पट्ट्यात मात्र कॅथलिक माणूस बंदराने आला नाही, तो प्रामुख्याने रेल्वेने आला. गार्ड, ड्रायव्हर, फायरमन, फिटर, तारबाबू. त्यांत ईस्ट इंडियन होते, गोवेकर होते, अँग्लो-इंडियन होते. पुढे खोपोलीत कारखाने उभे राहिले तेव्हा मंगळूर व केरळकडचे लोक आले, नगर जिल्ह्यातील मराठी कॅथलिक कुटुंबे आली. ही वस्ती कधीच मोठी नव्हती. ग्याझेटियरच्या कोष्टकात ती 'ख्रिस्ती' या एका रकान्यात मावते.

आणि तरीही या लहानशा वस्तीच्या नित्य जीवनाची नोंद, तिच्या शेजारच्या कितीतरी मोठ्या वस्त्यांपेक्षा अधिक बारकाईने टिकून आहे. याचे कारण ट्रेंट येथील धर्मपरिषद. १५६३ मध्ये या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रमुखाला आज्ञा केली की त्याने विवाहांची वही ठेवावी, वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ लिहावे, आणि विवाहापूर्वी लागोपाठ तीन सणवारी त्याची जाहीर घोषणा करावी. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहावीत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच पुस्तके ठरवून दिली : स्नानसंस्काराचे, दृढीकरणाचे, विवाहाचे, मृतांचे, आणि पाचवे 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे धर्मग्रामातील जिवांच्या स्थितीचे. या पाचव्या पुस्तकाकडे मी पुढे येईन.

सेमिनरीत असताना हा विषय आम्हाला कायद्याच्या तासाला शिकविला गेला आणि कायद्याचा म्हणून आम्ही तो कंटाळ्याने ऐकला. पण त्या नोंदींचे जरा निराळ्या दृष्टीने वाचन करा. बापाचे नाव, आईचे नाव, बापाचा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, धर्ममातेचे नाव. फायरमनच्या मुलाला गार्डची बायको धर्ममाता लाभते तेव्हा रेल्वे वसाहतीतील दोन चाळींमधले अंतर किती होते ते कळते. एकाच आठवड्यात मृतांच्या पुस्तकात तीन लहान मुलांची नावे आली म्हणजे देवीची किंवा पटकीची साथ कर्जतला येऊन गेली, हे वेगळे लिहावे लागत नाही. १९०७ च्या 'ने तेमेरे' या फर्मानाने आणखी एक चांगली गोष्ट केली. विवाह कोठेही होवो, त्याची वार्ता स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाला कळवावी आणि मूळ नोंदीच्या समासात ती लिहावी, असा दंडक घातला. रेल्वेच्या माणसाची बदली हा नित्याचा प्रकार. मूल इगतपुरीत जन्मले, शिकले कल्याणला, लग्न झाले भुसावळला. पण समासातल्या त्या दोन ओळींमुळे त्याच्या जन्मगावाला त्याची खबर लागत राहिली. आमच्याकडे अजूनही अशी पत्रे येतात आणि समास भरत जातो.

ज्यांना आपले घराणे शोधायचे आहे त्यांच्यासाठी जाता जाता एक सूचना. मुंबई परिसरात पाद्रोआदो आणि प्रोपागांडा अशी दुहेरी धर्मसत्ता १९२८ पर्यंत नांदत होती. एकाच गावातील दोन भावांच्या नोंदी दोन निराळ्या मंदिरांत सापडणे तेव्हा अशक्य नव्हते. तेव्हा एका ठिकाणी नाव मिळाले नाही म्हणून आजोबा नव्हतेच असे समजू नका.

आता पुन्हा मुख्य विषयाकडे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून माथेरानला छोटी गाडी नेली. ती पाहुण्यांसाठी होती. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी डोंगरावरून नळांतून खाली येते, चक्रे फिरविते आणि मग पाताळगंगेत सुटते. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि पुढे मुंबईलगतच्या शहरांची तहान भागविते. विजेच्या तारा शेतांवरून, वाड्यांवरून सरळ मुंबईकडे गेल्या. ज्यांच्या डोक्यावरून त्या गेल्या त्यांच्या घरात पुढची कित्येक दशके रॉकेलची चिमणी होती.

भाई कोतवालांची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांना सावकारापासून सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या चालविल्या, मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ च्या चळवळीत त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईला वीज नेणारे तारांचे मनोरे पाडले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा कर्जत तालुका ही बातमी झाला. त्याच काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त नभोवाणी चालवीत होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे पडले. दोघांची नावे आज तालुक्यात आदराने घेतली जातात. माझे मन मात्र अधिक रेंगाळते ते त्या धान्यकोठ्यांपाशी. कोणी किती मण भात घेतले, कोणी किती परत केले, हा हिशेब कोठेतरी वहीत लिहिलेला असणार. मनोरा पडल्याची बातमी सरकारी दप्तरात आहे. पण ज्या विश्वासावर माणसे दस्त्याला रात्री भाकरी पोहोचवीत होती, तो विश्वास त्या वहीत साठलेला होता.

छापील स्थानिक बातमी या भागात उशिरा आली. जिल्ह्याची पत्रे अलिबागहून निघत. चरीचा शेतकरी संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. त्याच संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये 'कृषीवल' सुरू केले. पत्राच्या नावातच कुळाचा पक्ष होता. आपल्या समाजापुरते बोलायचे तर फादर हेन्री डोरिंग यांचे 'निरोप्या' १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातील केंदळ येथून निघाले. वसईची 'सुवार्ता' पन्नासच्या दशकातली. कर्जतला मुंबईची वर्तमानपत्रे पहाटेच्या गाडीने येत आणि आतील पानावर 'आमच्या वार्ताहराकडून' आलेल्या चार ओळी असत. हा वार्ताहर बहुधा शिक्षक असे, नाहीतर किराणा दुकानदार. शालान्त परीक्षेचा निकाल, कबड्डीचे सामने, एस.टी.ची नवी फेरी, सत्यनारायण, दशक्रिया विधी, विहिरीत पडलेली म्हैस. शहरातील वाचक या मजकुराला हसत. मी हसणार नाही. पंचवीस वर्षांनंतर इतिहासकाराला अग्रलेखापेक्षा म्हैस अधिक उपयोगी पडते. तिच्यावरून विहीर किती खोल होती, कठडा होता की नव्हता आणि धावून कोण आले हे कळते.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आता कॅनडात आहेत. तिथल्या छोट्या गावांतही पिढ्यान्‌पिढ्या साप्ताहिके चालत आली होती. त्यांत नगरसभेचा वृत्तांत, मंदिरातील सहभोजन, हॉकीचा निकाल, कोणाकडे कोण पाहुणे आले. अलीकडच्या वर्षांत तिथे अशी शेकडो पत्रे बंद पडली आणि गावकऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखे झाले. आपल्याकडे ती बंद पडली असे म्हणण्याइतकी निघालीच नव्हती. आता भ्रमणध्वनीवरच्या गटांत सर्व बातम्या येतात आणि पुढच्या आठवड्यात पुसल्या जातात. दवंडी निदान ऐकणाऱ्याच्या स्मरणात तरी राहत असे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूकडे काही माणसे ताजी बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीलकरांना ठार केले, अशी. प्रभू त्यांना आणखी एका बातमीची आठवण करून देतात : शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली. हा बुरूज कोणत्याही राजाच्या इतिहासात नाही. ती यरुशलेमची निव्वळ स्थानिक बातमी होती, आणि प्रभूंना ती आकड्यासह ठाऊक होती. त्या अठरा जणांचे पाप इतरांहून मोठे होते काय, हा प्रश्न लोकांच्या मनात होता. प्रभूंनी तो साफ नाकारला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मला हाच अध्याय आठवला. वाडी ठाकरांची. तिथवर रस्ता नव्हता. बचावपथकातील माणसे पावसात, अंधारात, निसरड्या वाटेने चढली, आणि चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याने प्राण सोडले. यंत्रे वर जाऊ शकत नव्हती, म्हणून माती फावड्यांनी उपसली गेली. वाडीत ४८ कुटुंबे आणि २२८ माणसे असल्याचे शासनाने सांगितले. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, हेही सांगितले. चौथ्या दिवशी शोध थांबला. २७ मृतदेह मिळाले होते. ५७ जण मातीखालीच राहिले आणि पुढे मृत धरले गेले. बरीच मुले वाचली, कारण ती आश्रमशाळेत होती.

त्या चार दिवसांत देशातील सर्व वृत्तवाहिन्या चौक गावात मुक्कामाला होत्या. सरकारी मोजणीबरोबरच वाचलेल्या माणसांनीही बोटांवर घरे मोजून दाखविली : इथे अमक्याचे घर, त्यात सहा जण, त्यांतला एक कामाला खाली गेलेला, सून माहेरी गेलेली. अशा वेळी कागदावर नसलेली सर्व माहिती तोंडी निघाली. कोणाची मुलगी कोठे दिली, कोणाकडे रात्री पाहुणा होता. हीच ती स्थानिक बातमी, जी एरवी कोणी विचारत नाही. वाडीचे पुनर्वसन चौक परिसरात झाले. डोंगरावरची जागा तशीच आहे.

आता त्या पाचव्या पुस्तकाविषयी. जिवांच्या स्थितीचे पुस्तक हे संस्कारांचे पुस्तक नाही. धर्मगुरूने वर्षातून एकदा, बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास, घरांना आशीर्वाद देत फिरावे आणि घरागणिक कोण राहते, वय काय, कोण आजारी, कोण परगावी हे लिहावे, अशी त्यामागची प्रथा. पुष्कळ धर्मग्रामांत हेच पुस्तक सर्वांत दुर्लक्षित असते. कारण उघड आहे. लग्नाचा आणि स्नानसंस्काराचा दाखला पारपत्रासाठी लागतो, या पुस्तकाचा दाखला कोणी मागत नाही. त्यातून कातकऱ्यांसारखी माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. वसंतात फिरणाऱ्याला त्यांची कुडाची दारे बंदच दिसतात. आमच्या भाविकांत त्यांची घरे नाहीत, पण वाटेत ती लागतात.

गेली काही वर्षे मी हे पुस्तक पुन्हा लिहू लागलो आहे, आणि 'शेरा' या रकान्यात थोडी सूट घेतो. लोक आपणहून सांगतात. मुलाला खोपोलीच्या कारखान्यात कायम केले. म्हातारीची दृष्टी गेली, पण ती अजून घरातल्या घरात सांजप्रार्थना चालविते. मुलगी टोरांटोला, दोन वर्षांत येणे झाले नाही. शेजारच्या ठाकर कुटुंबाने यंदा आवणीला हात दिला, म्हणून त्यांच्या लग्नाला भांडी आमची. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी होते. एका घरी हे विहिरीचे लिहिताना घरधन्याने विचारले, "फादर, हे चर्चच्या पुस्तकात कशाला?" त्याची बायको आतून म्हणाली, "लिहू द्या. मागच्या साली एप्रिलमध्येच आटली होती, तेही लिहा." तेही लिहिले.